कपाटातला ब्रह्मदेश

शेजारी राहणारी माणसं देश सोडून गेली, हे मला वॉचमनकडून कळलं. दोन हजार आठ संपता संपताची गोष्ट. आम्ही तेव्हा दुबईत अल मनखूलला राहायचो आणि समोरच्या दारात पुण्याचंच एक कुटुंब होतं. सहा वर्षांची ओळख. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच बसनं शाळेत जायच्या. दोघींच्या वेण्या कधी मी घालायची, कधी त्या मुलीची आई. आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे मिसळ खाल्ली होती आणि मुलींना पुढच्या वर्षी कुठल्या डान्स क्लासला घालायचं यावर तासभर बोललो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. खाली वॉचमन म्हणाला, "मॅडम, वो लोग तो सुबह की फ्लाइट से इंडिया चले गए. खलास."

त्यांची गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असल्याचं नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हा तशा पुष्कळ गाड्या होत्या. लोक का जात होते ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या जाण्याचा मला राग आला नाही. राग आला तो डान्स क्लासचा. फीपासून बसच्या वेळेपर्यंत सगळं आम्ही बोललो होतो आणि तेव्हा त्यांच्या आतल्या खोलीत भरलेल्या बॅगा उभ्या असणार.

मग दोन महिन्यांनी माझ्याच घरात तेच झालं. मुलीला ताप आला होता, नवरा मोबाइल उचलत नव्हता, म्हणून मी त्याच्या ऑफिसला फोन लावला. तो एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. रिसेप्शनवरची मुलगी जरा घुटमळली आणि म्हणाली, "सर तो तीन हफ्ते से नहीं आ रहे, मॅम." मी फोन ठेवला. तीन आठवडे हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्या हातचा डबा घेऊन बाहेर पडत होता. संध्याकाळी सहाला तो आला, बूट काढले आणि म्हणाला, "आज मीटिंग जरा लांबली."

मी विचारलं, "कोण कोण होतं मीटिंगला?"

त्यानं चार माणसं सांगितली. कोण काय बोललं तेही सांगितलं. एकानं चहा सांडला म्हणाला. खोटं इतकं बारीकसारीक तपशिलानं बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग मी ऑफिसला फोन केल्याचं सांगितलं तेव्हा तो पलंगावर बसला आणि बराच वेळ पायमोजे काढत राहिला. दिवसभर तो खाडीच्या काठावर बसत असे, येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघत. "तुला काळजी नको म्हणून," म्हणाला. मी त्याला माफ केलं. म्हणजे तसं मी म्हटलं तरी.

पण तेव्हापासून एक सवय लागली. समोरचं माणूस बोलत असलं की मी त्यातल्या फटी शोधायला लागले. काल हिनं काय सांगितलं होतं आणि आज काय सांगतेय, ते मनात शेजारी शेजारी ठेवून बघायची. पुढे आम्ही शारजाला, रोल्लात राहायला आलो. नवऱ्याला इंडस्ट्रियल एरियात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली आणि मला एका शिपिंग ऑफिसात. माझं काम कागद ताडून बघण्याचं. या कागदावरचं नाव आणि त्या कागदावरचं नाव एकच आहे ना, एखादं अक्षर इकडेतिकडे झालेलं नाही ना. त्या कामाला माझ्याहून लायक बाई शारजात सापडली नसती.

वर्षं गेली. मुलगी वीस वर्षांची झाली, युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय राजकारण शिकायला लागली. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. कोविडमुळे तिचे क्लास घरूनच चालले होते. त्याच वर्षी ब्रह्मदेशात लष्करानं सत्ता हातात घेतली. मी ब्रह्मदेश म्हणते, ती म्यानमार म्हणते. माझ्यासाठी तो देश म्हणजे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला मंडालेचा तुरुंग, बस. ती मात्र कानात त्या देशाबद्दलचं एक पॉडकास्ट घालून असायची. स्वयंपाकघरात भांडी पुसताना, कपडे वाळत टाकताना. दीड-दीड, दोन-दोन तासांचे एपिसोड. मी एकदा विचारलं, "एवढं काय ऐकतेस गं?"

"बर्मीज सोसायटी, आई. पॉलिटिक्स, रिलिजन. कोर्ससाठी."

कोर्ससाठी कुणी भांडी पुसताना थांबून डोळे मिटून ऐकतं का, असं मला वाटलं.

आमच्या बिल्डिंगच्या खाली, गल्लीच्या तोंडाशी एक ब्यूटी पार्लर होतं. मालकीण केरळची, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. तिच्याकडे थ्रेडिंगला एक बर्मी बाई होती, तिशीच्या आसपासची. हात इतका हलका की दोरा लागतोय की नाही कळू नये. आयब्रोचे पंधरा दिरहॅम, म्हणजे तीनशे रुपये झाले की, असं मी दर वेळी उठताना मोठ्यानं म्हणायची आणि ती दर वेळी हसायची. तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. आजी बिहारकडची होती म्हणाली. मंडालेची आहे, आईवडील गेले, भावंडं नाहीत, एकटीच, असं तिनं मला सांगितलं होतं. तिचं नावही सांगितलं होतं, छोटंसं, दोन अक्षरी. एकच गोष्ट मला खटकायची. तिचा फोन कायम पालथा ठेवलेला असायचा आणि पार्लरमधल्या मुली वाढदिवसाचा केक कापताना फोटो काढायला लागल्या की ही टॉवेल घडी करायला आत जायची.

एका शुक्रवारी दुपारी नवरा झोपला होता. मी मुलीच्या खोलीत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले तर खोलीत कुणीच नाही. लाइट बंद. मी बाहेर पडणार इतक्यात भिंतीतल्या कपाटातून आवाज आला. कपाटाचं दार आतून ओढलेलं होतं आणि आत माझी मुलगी हळू, सावकाश, कुणाला तरी समजावून सांगावं तसं बोलत होती.

"आय कान्ट टेल यू माय नेम. आय वॉज अ टीचर. द डे द सोल्जर्स केम टू द स्कूल, आय हॅड चॉक ऑन माय हँड्स."

मी कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिले. ती थांबली. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाली. पुन्हा थांबली, पुन्हा म्हणाली. शेवटी तर मला तिच्या आवाजात रडू आल्यासारखं वाटलं. मी पाय न वाजवता बाहेर आले.

पहिल्यांदा मनात आलं ते इगतपुरी. माझा धाकटा दीर एकदा तिथं दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेला होता. ती ध्यानाची पद्धत ब्रह्मदेशातूनच आलेली, हे त्यानं आम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं. परत आल्यावर वर्षभर तो कुणाशी धड बोलला नाही, लग्न मोडलं, आणि सासूबाई त्याच्यासमोर ताट ठेवून रडायच्या. पोरगी असल्या कशात अडकली की काय? की कुणी मुलगा आहे तिकडचा? आणि याहून वाईट म्हणजे राजकारण. आम्ही या देशात पाहुणे. व्हिसावर राहणाऱ्या माणसानं दुसऱ्या कुणाच्या देशाच्या लढाईत तोंड घालू नये, हे इथं पहिल्या महिन्यातच माणूस शिकतो.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, प्रोजेक्ट असेल काहीतरी. सरळ विचार की तिला."

सरळ विचारून खरं उत्तर मिळतं, असं त्यानं मला सांगावं याचं मला हसू आलं. मी विचारलं नाही. मी शोधायला लागले.

आधी ते पॉडकास्ट ऐकलं. ऑफिसला जाता-येता बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. हे कोण लोक आहेत, कशासाठी एवढा खटाटोप करतात, यांना पैसा कोण पुरवतं, या एकाच हेतूनं ऐकायची. एका एपिसोडमध्ये एक भिक्खू लष्करी अधिकाऱ्यांची भिक्षा नाकारण्याबद्दल बोलत होता. भिक्षेचं पात्र उपडं धरलं की दात्याला पुण्य मिळत नाही म्हणे. दुसऱ्यात दुसरा भिक्खू लष्कराचीच बाजू घेणारा. एका एपिसोडमध्ये जाळलेल्या मुसलमान वस्त्या होत्या, एकात सीमा ओलांडून मिझोराममध्ये आलेल्या बायका, एकात चीनला काय हवंय आणि थायलंडला काय परवडतं याची चर्चा. मी खूण करून ठेवावी तशी वाक्यं लक्षात ठेवत होते. आणि मग मला ते सापडलं. तीन वेगवेगळ्या एपिसोडमध्ये तीन वेगवेगळ्या निनावी बायका बोलत होत्या. एक नर्स, एक विद्यार्थिनी, एक सैनिकाची बायको. तिघींचा आवाज एकच होता. माझ्या मुलीचा.

म्हणजे हे सगळं नाटक आहे आणि माझी मुलगी त्यात खोटं बोलायला बसली आहे, असं माझं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी तिचा टॅब उघडला. असं करू नये, हे मला कळत होतं. टॅबवर एका व्यक्तीबरोबरचे निरोप होते. त्या व्यक्तीला नाव नव्हतं, नावाच्या जागी नुसतं पिवळं फूल. बहुतेक सगळे आवाजी निरोप. मी एक लावला. "हॅलो. धिस वन फ्रॉम माय ब्रदर. ही इज नॉट स्लीपिंग इन हाउस नाउ. आय टेल यू स्लोली, ओके? फिर तुम अच्छा इंग्लिश में लिखना."

आवाज मी लगेच ओळखला. दर तीन आठवड्यांनी तो आवाज माझ्या कपाळाशी वाकून "दीदी, आँख बंद" म्हणत होता. सगळ्यात वर, अगदी पहिल्या निरोपात, तिनं माझ्या मुलीला आपलं नाव सांगितलं होतं. ते मला सांगितलेलं नाव नव्हतं. गावही मंडाले नव्हतं. आणि भावंडं नाहीत म्हणणाऱ्या बाईला भाऊ होता.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी टॅब होता तसा ठेवला. खरं सांगायचं तर मला भीतीइतकंच समाधानही वाटत होतं. दोन कागदांवर दोन नावं. मी पकडलं होतं.

त्या आठवड्यात आयब्रो करायची गरज नसताना मी पार्लरमध्ये गेले. खुर्चीत बसले, डोळे मिटले. दोरा चालू झाला. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेरा भाई कैसा है?"

दोरा थांबला. मग ती म्हणाली, "मेरा भाई नहीं है, दीदी." आणि दोरा पुन्हा चालू झाला, पण त्या हलक्या हातानं पहिल्यांदाच माझ्या कातडीला चिमटा काढला. पाणी आलं डोळ्यांतून. डोळे उघडले तेव्हा आरशात ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं त्या दिवशी पैसेही माझ्या हातातून घेतले नाहीत, काउंटरकडे बोट दाखवलं.

मी काउंटरवर गेले. मालकीण एकटीच होती. मी आवाज खाली केला आणि हिंदीत म्हणाले, "तुमच्या त्या मुलीचे कागद नीट आहेत ना? मला एक नाव सांगते, दुसऱ्यांना दुसरं. माझी मुलगी तिच्याशी बोलते, म्हणून विचारतेय. कॉलेजात जाणारी पोरगी आहे माझी."

एवढंच. मी तक्रार केली नाही, कुणाला फोन केला नाही. नुसतं विचारलं. पण मालकिणीचा चेहरा उतरला. "मॅडम, प्लीज," ती म्हणाली, "ये बात किसी और को मत बोलना. मैं देखती हूँ." मी बाहेर पडले तेव्हा आई म्हणून आपण बरोबर वागलो, असंच मला वाटत होतं.

चार दिवसांनी तिच्या खुर्चीशी दुसरीच मुलगी होती.

त्याच संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. ती फ्रिजला पाठ लावून खाली बसली, लहानपणी बसायची तशी. "आई, माझी एक फ्रेंड गायब झालीये. नंबर बंद. सगळं डिलीट केलंय तिनं."

"कोण फ्रेंड?" मी विचारलं. मला ठाऊक असताना विचारलं. नवऱ्याला मीटिंगबद्दल विचारलं होतं, अगदी त्याच आवाजात.

मग तिनं सगळं सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. इतकं मराठी ती कित्येक वर्षांत माझ्याशी बोलली नव्हती. ती पार्लरमध्ये आयब्रोला गेली असताना त्या बाईच्या एका कानात तेच पॉडकास्ट चालू होतं. तिथून ओळख झाली. बाईचा भाऊ तिकडे शाळेत मास्तर. लष्कराच्या हाताखाली शिकवणार नाही म्हणून ज्या शिक्षकांनी शाळा सोडल्या त्यातला एक. रोज वेगळ्या घरी झोपतो, ओळखीच्या लोकांच्या हकिगती जमवतो आणि बहिणीला आवाजी निरोप पाठवतो. ही त्यांचं मोडक्या हिंदी-इंग्रजीत भाषांतर करून माझ्या मुलीला द्यायची, मुलगी ते नीट इंग्रजीत लिहायची, आणि बोलणाऱ्याचा आवाज कुणी ओळखू नये म्हणून पॉडकास्टसाठी स्वतःच्या आवाजात वाचायची. कपाटात बसून, कारण लटकवलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. पुरुषांच्या हकिगतीही तीच आधी वाचून पाठवायची, मग तिकडे दुसरं कुणीतरी पुरुषाच्या आवाजात वाचायचं. सुरुवातीला निवेदक सांगतो की आवाज बदललेले आहेत. मी दर वेळी ती सुरुवात गाळून ऐकत होते.

"आणि तिचं नाव काय?" मी विचारलं.

"मला नाही माहीत. जे सांगितलं ते खरं नव्हतं, तिनं तसं सांगितलंच होतं. दॅट वॉज द होल पॉइंट, आई."

मी कणीक मळत राहिले. ती केव्हाच मळून झाली होती.

लगेच सांगायला हवं होतं. मी आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत मुलगी माझ्याकडे नुसतं बघायची तरी मला वाटायचं, हिला कळलंय. तिनं मिठाचा डबा मागितला तरी त्यात मला काहीतरी ऐकू यायचं. शेवटी शनिवारी सकाळी, नवरा समोर असताना, मी म्हणाले, "पार्लरच्या मालकिणीला मी सांगितलं होतं. तिच्या कागदांबद्दल."

"यू डिड व्हॉट?"

मी सगळं सांगितलं. कपाट, टॅब, भावाबद्दल विचारलेला प्रश्न. ती ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, "तू ती व्हॉइस नोट ऐकलीस?" मी हो म्हणाले. ती आपल्या खोलीत गेली आणि खोलीला आतून कडी लावली. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी नवऱ्यामार्फत बोलत होती. "बाबा, आईला सांग मी बाहेर जेवणार आहे." मी समोरच्या खुर्चीत बसलेली असायची.

नवरा एकदा म्हणाला, "हे माझ्यामुळे झालं, नाही का? त्या तीन आठवड्यांमुळे."

मी नाही म्हणाले नाही. हो म्हणणंही खरं झालं नसतं.

पार्लरच्या मालकिणीकडे मी तीनदा गेले. दोनदा तिनं "मालूम नहीं, मॅडम" म्हणून हात हलवला. तिसऱ्यांदा मी उभीच राहिले तेव्हा तिनं हळूच सांगितलं की तिच्या बहिणीचं अजमानला पार्लर आहे, तिथं पाठवलंय. कागद सगळे नीट होते. पहिल्यापासून नीट होते. "आपने पूछा तो मैं डर गई," ती म्हणाली. "कौन किसके लिए पूछता है, क्या मालूम?"

मी मुलीला सांगितलं नाही. टॅक्सी केली आणि अजमानला गेले. दुपारी अडीच-तीनची वेळ, पार्लर रिकामं. ती कोपऱ्यात कापसाचे गोळे करून बरणीत भरत होती. मला बघून उभी राहिली आणि दरवाज्याकडे, माझ्या मागे कोण आहे ते बघायला लागली.

"मी एकटीच आलेय," मी हिंदीत म्हणाले.

"दीदी, आपको किसने भेजा?"

"कुणी नाही. माफी मागायला आले."

"हमारा एम्बसी? मिलिटरी वाला?" ती म्हणाली. "आपका कोई वहाँ काम करता है?"

मी नाही नाही म्हणत राहिले, आणि जितकी जास्त वेळा नाही म्हणाले तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. तिनं हात पुढे केला. मला वाटलं हात हातात घेतेय. ती माझा फोन मागत होती. मी दिला, लॉक उघडून दिला. तिनं माझे फोटो पाहिले, एकेक करून. माझ्या मुलीचे, ऑफिसातल्या हळदीकुंकवाचे, नवऱ्याच्या वाढदिवसाचे. कॉल पाहिले, निरोप पाहिले. मी समोर बसून पाहत होते. माझ्या घरात मी जे चोरून केलं होतं ते ती माझ्या डोळ्यांदेखत करत होती, आणि ते तिनं केलं याचं मला बरं वाटत होतं. मग तिनं फोन बंद केला, आतल्या खोलीत नेऊन टॉवेलांच्या थप्पीखाली ठेवला आणि परत येऊन बसली.

"भाई है," ती म्हणाली. "भाई है बोलूँगी तो लोग पूछेंगे, कहाँ है. नहीं है बोलो, तो बात खत्म."

मी विचारलं, तो ठीक आहे का? तिनं मान हलवली, पण ती हो होती की नाही, मला कळलं नाही. मुद्दामच तशी हलवली असावी.

मग तिनं विचारलं, मला कसं कळलं? मी आवाज ओळखल्याचं सांगितलं. हे ऐकून ती पहिल्यांदा खरोखर घाबरलेली दिसली. कापसाचा गोळा तिनं मुठीत दाबून दाबून अगदी लहान करून टाकला. "आपने पहचाना," ती म्हणाली, "तो और भी कोई पहचान सकता है." मुलीला पाठवलेले निरोप फक्त मुलीकडेच राहतात, असं तिनं धरलं होतं. मी ते मोडलं होतं, आणि मी तर फक्त एक आई होते, वाईट हेतू नसलेली.

"माझ्या मुलीची काही चूक नाही," मी म्हणाले.

"मालूम है. उसको बोलो, अच्छी लड़की है. उसको बोलो, मुझे ढूँढना नहीं." मग तिनं फोन आणून दिला. दारापर्यंत आली नाही.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, तिनं सांगितलेलं शब्दन् शब्द. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "तू परत तिच्याकडे गेलीस? तिला न विचारता?" मला वाटलं होतं मी काहीतरी चांगलं केलं. त्याबद्दलही तिचा राग योग्यच होता. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी थेट बोलायला लागली, एवढं खरं. बहुतेक भांडण्यासाठी.

पुढे काही महिन्यांनी पॉडकास्टवर एका शिक्षकाची हकिगत आली. पुरुषाचा आवाज होता, मुलीचा नव्हता. तो मास्तर गणित शिकवायचा म्हणे, आणि हाताला खडूची पूड असल्याचं त्यात कुठेच नव्हतं. गावाचं वर्णन वेगळं, घरची माणसं वेगळी. मी मुलीला विचारलं, "हा तोच का?" ती म्हणाली, "आई, विचारू नकोस ना." मी विचारलं नाही. पण त्या रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या कामाच्या पहिल्याच दिवशी, ऑफिसात दोन तास ते मनात जुळवत बसले होते, हे कबूल करते.

अजमानच्या पार्लरमधूनही ती गेली. आमच्या खालची मालकीण म्हणाली, मुलखाला परत गेली. मुलगी म्हणाली, शक्यच नाही. दोघींपैकी कुणाला काही ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी, मुलगी आता दुबईत नोकरी करते, ती शुक्रवारी जेवायला आली असताना तिच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. शब्द काही नाही. एका लाकडी पायरीवर काढून ठेवलेल्या दोन चपलांच्या जोड्या, एक बाईची, एक पुरुषाची. पायरी ओली होती. मुलीनं तो बराच वेळ बघितला आणि मग फोन माझ्याकडे दिला. तिनं आपणहून दिला.

"तिचाच कशावरून?" माझ्या तोंडून गेलंच. "कुणीही पाठवला असेल. नंबर बघ ना कुठला आहे."

"मला नाही माहीत कुणाचा आहे," ती म्हणाली. "आय जस्ट डिसायडेड." आणि तिनं ताटात आणखी आमटी वाढून घेतली.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुरुषाच्या चपलेचा अंगठा उसवलेला होता आणि हिरव्या दोऱ्यानं शिवलेला होता. बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं. मी तिला फोन परत दिला.